कमरेचा घेर आणि साथीचा फेरा

(डिलाईल रोड येथे झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्या डिलाईल रोडवर आपण आज जमलो आहोत, त्याचे कागदोपत्री नाव ना. म. जोशी मार्ग. कामगारांच्या हितासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचे नाव या रस्त्याला लाभावे, हे उचितच होय. कारण शतकभर हा रस्ता श्रमणाऱ्या माणसांचा होता. गिरणीचा भोंगा झाला की चाळी रिकाम्या होत. आठ-आठ तास साच्यापाशी उभे राहावयाचे, पायी जावयाचे, पायी यावयाचे आणि परतल्यावर बीडीडी चाळीचे तीन जिने चढून १६० चौरस फुटांच्या खोलीत पाठ टेकावयाची. खानावळीतील ताटात मोजक्या भाकऱ्या आणि कालवण. अंगावर मेद साठण्यास वावच नव्हता.

तो काळ सुखाचा होता, असे मात्र कुणी समजू नये. कापसाच्या तंतूंनी कामगारांच्या छात्या पोखरल्या, क्षयाने तरुण माणसे नेली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा ऐतिहासिक संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचे रूपच पालटले. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला, मथुरादास मिलच्या आवारात कार्यालये आली. चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले. ज्याचे आजोबा साच्यापाशी उभे राहत, तो नातू आज नऊ-दहा तास संगणकासमोर बसतो. जिन्याची जागा लिफ्टने घेतली आणि जेवण दाराशी येऊ लागले. श्रमाचे हे ओझे हलके झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर दुसरेच एक ओझे अंगावर चढले. त्याची वार्ता आपण फार उशिरा घेत आहोत.

वाढत्या वजनाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे कपड्यांच्या मापावर जाते, फार तर मधुमेहावर आणि हृदयविकारावर येते. साथीच्या रोगाशी वजनाचा काही संबंध असेल, हे कुणाच्या मनात येत नाही. वस्तुतः तो संबंध आहे आणि तो दुहेरी आहे. विशेष म्हणजे, या संबंधातील एका नव्या शोधाचा आरंभ येथून हाकेच्या अंतरावर, परळलाच झाला.

परळच्या कोंबड्यांनी विचारलेला प्रश्न

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे. १९८०च्या दशकात देशात कोंबड्यांमध्ये एक साथ आली आणि असंख्य कोंबड्या दगावल्या. या महाविद्यालयातील डॉ. एस. एम. अजिंक्य त्या मृत कोंबड्यांची तपासणी करीत होते. एका विषाणूचा त्यांना माग लागला. या विषाणूला पुढे ‘एसएमएएम-१’ असे नाव मिळाले. तो ॲडिनोव्हायरस या कुळातील होता.

त्याच सुमारास डॉ. निखिल धुरंधर हे मुंबईत लठ्ठपणाच्या रुग्णांवर उपचार करीत होते. त्यांचे वडील डॉ. विनोद धुरंधर हेही याच क्षेत्रातील. अजिंक्य यांच्याशी बोलताना त्या कोंबड्यांचा विषय निघाला आणि एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. रोगाने मेलेला प्राणी खंगलेला असावयास हवा. या कोंबड्यांच्या पोटात मात्र मेदाचे थर होते, यकृत वाढलेले होते. त्याहून आश्चर्याचे म्हणजे त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होते. लठ्ठ शरीरात कोलेस्टेरॉल वाढलेले असते, असाच सर्वसाधारण अनुभव. येथे सारेच उलटे.

एखाद्याने हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. धुरंधर यांनी तो सोडला नाही. अजिंक्य आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी निरोगी कोंबड्यांना हा विषाणू टोचून पाहिला. बाधा झालेल्या कोंबड्यांच्या पोटात मेद अधिक साठला आणि कोलेस्टेरॉल उतरले. हे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. मग त्यांनी मुंबईतील ५२ लठ्ठ व्यक्तींचे रक्त तपासले. त्यांपैकी १० जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. हे दहा जण उरलेल्या बेचाळीस जणांपेक्षा सरासरीने अधिक वजनदार होते आणि त्यांचे कोलेस्टेरॉल कमी होते. जे कोंबड्यांत दिसले, तेच माणसांत दिसले.

१९९२ मध्ये धुरंधर अमेरिकेस गेले. भारतातील हा विषाणू तेथे नेण्यास परवानगी मिळाली नाही. तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. रिचर्ड ॲटकिन्सन यांच्यासह त्यांनी त्याच कुळातील, माणसांत आढळणारा ‘एडी-३६’ हा विषाणू निवडला. कोंबड्या आणि उंदीर यांच्यावरील प्रयोगांत पुन्हा तेच घडले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतील ५०२ व्यक्ती तपासल्या गेल्या. लठ्ठ व्यक्तींपैकी ३० टक्के, तर इतरांपैकी ११ टक्के व्यक्तींच्या रक्तात एडी-३६ची प्रतिद्रव्ये होती.

यावरून लठ्ठपणा हा सर्दीसारखा पसरतो, असा निष्कर्ष कुणी काढू नये. पुढील काही अभ्यासांत हा संबंध आढळला, काहींत आढळला नाही. माणसाला मुद्दाम विषाणू टोचून पाहता येत नाही, त्यामुळे या विषाणूमुळेच वजन वाढते, असे माणसांच्या बाबतीत सिद्ध झालेले नाही. तथापि एक मोठी गोष्ट या संशोधनाने साध्य केली. लठ्ठपणा म्हणजे केवळ जिभेचा आणि आळसाचा दोष, या समजुतीला त्याने धक्का दिला. मेद आणि विषाणू यांचे परस्परांशी नाते असू शकते, हा विचार जगाच्या व्यासपीठावर आला, आणि त्यात परळच्या एका प्रयोगशाळेचा वाटा होता.

दोन साथी, एक धडा

आता नात्याची दुसरी बाजू पाहू. विषाणूमुळे मेद वाढतो का, हा प्रश्न अजून अनिर्णित आहे. परंतु मेदामुळे विषाणूचे फावते का, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे.

गिरणगावाला साथी नव्या नाहीत. १८९६च्या प्लेगने मुंबई रिकामी केली होती. त्यावर लस शोधणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळलाच आली. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला. त्या काळी साथीचा सोबती होता उपवास. दुष्काळ, महागाई आणि अपुरे अन्न यांनी खंगलेली शरीरे तापाच्या पहिल्या तडाख्यात कोसळत. आपल्या पिढ्यांच्या मनात म्हणूनच एक समीकरण घट्ट बसले : जो अंगाने भरलेला, तो तब्येतीने चांगला. लेकरू गुटगुटीत असावे, सून ‘अंगाने बरी’ असावी, हा त्या भुकेच्या काळातील शहाणपणा होता. तो काळ सरला, समीकरण मात्र तसेच राहिले.

२००९ मध्ये स्वाईन फ्लू आला. ३ ऑगस्ट २००९ रोजी त्याचा देशातील पहिला बळी पुण्यात नोंदला गेला. त्या साथीत जगभरच्या डॉक्टरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. अतिदक्षता विभागातील खाटांवर लठ्ठ रुग्णांची संख्या अपेक्षेपेक्षा फार अधिक होती. कॅलिफोर्नियात रुग्णालयात दाखल झालेल्या, वजनाची नोंद असलेल्या प्रौढ रुग्णांपैकी ५१ टक्के लठ्ठ होते. तेथील लोकसंख्येतील लठ्ठांच्या प्रमाणाच्या हे दुपटीहून अधिक. त्यांतील काहींना मधुमेह, दमा यांपैकी काहीही नव्हते.

हा इशारा जगाने ऐकला आणि विसरला. अकरा वर्षांनी कोरोना आला.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील सर्वाधिक रुग्ण नोंदले जात होते, ते महापालिकेच्या जी-दक्षिण विभागात, म्हणजे वरळी-लोअर परळच्या याच परिसरात. येथे दोन गोष्टींतील भेद समजून घेतला पाहिजे. रोग जडणे निराळे आणि रोग बळावणे निराळे. रोग जडण्यात गर्दीचा वाटा सर्वांत मोठा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत प्रतिद्रव्यांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, तर अन्य वस्तीत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. दहा माणसांना एक शौचालय असेल, तर तेथे बारीक आणि जाड हा भेद विषाणू करीत नाही.

परंतु वजनाचा वाटा यात अगदीच नाही, असेही नाही. २०२० मध्ये बॅरी पॉपकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. लठ्ठ व्यक्ती चाचणीत बाधित आढळण्याची शक्यता ४६ टक्क्यांनी अधिक, रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता दुपटीहून अधिक आणि मृत्यूची शक्यता ४८ टक्क्यांनी अधिक, असे त्यांना आढळले. अर्थात चाचणी प्रामुख्याने आजारी माणसाचीच होते, हे लक्षात घेता पहिला आकडा थोडा जपूनच वापरावयास हवा. पुढचे दोन मात्र ठाम आहेत.

इंग्लंडमधील सुमारे ६९ लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो तर डोळे उघडणारा आहे. उंचीच्या तुलनेत वजन मोजणारा जो देहभारांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो २३च्या वर गेल्यापासूनच गंभीर आजाराचा धोका चढू लागतो. पुढच्या प्रत्येक अंकामागे रुग्णालयात दाखल होण्याचा धोका सुमारे ५ टक्क्यांनी आणि अतिदक्षता विभागात जाण्याचा सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. आणि हा परिणाम चाळिशीच्या आतील लोकांत अधिक तीव्र होता. ‘तरुण आहे, काही होत नाही’ या भरवशाला येथे आधार उरत नाही.

मेद स्वस्थ बसत नाही

हे असे का व्हावे? मेद म्हणजे पोत्यात भरून ठेवलेले धान्य, वेळेला उपयोगी पडणारा निपचित साठा, अशी आपली कल्पना. १९९४ मध्ये मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि ही कल्पना मागे पडली. मेद हा एक कार्यरत अवयव आहे. तो रक्तात संदेश सोडतो आणि त्यांतील कित्येक संदेश थेट रोगप्रतिकारक पेशींना जातात.

मेद मर्यादेपलीकडे वाढला की त्यात प्रतिकारक पेशी घुसून बसतात आणि शरीरात एक मंद दाह सतत धुमसत राहतो. चाळीच्या दारावरचा पहारेकरी रात्रंदिवस विनाकारण शिट्ट्या फुंकत राहिला, तर खरोखर चोर येईल तेव्हा त्याची शिट्टी कुणी ऐकणार नाही. तसेच येथे घडते. खरा विषाणू शिरतो तेव्हा प्रतिकार उशिरा आणि दुबळा सुरू होतो. आणि एकदा सुरू झाला की वेळेवर थांबत नाही, स्वतःच्याच फुप्फुसांची हानी करतो. कोरोनाचा विषाणू तर प्रत्यक्ष मेदपेशींतही शिरून वाढू शकतो, असे पुढे प्रयोगशाळेत दिसले.

त्यात शरीररचनेचा भाग वेगळाच. पोटाचा मेद श्वासपटलाला खालून वर रेटतो आणि फुप्फुसांचा तळ नीट उघडत नाही. लठ्ठ माणसात झोपेत श्वास अडखळण्याचे प्रमाण अधिक असते. अशा रुग्णाला श्वासनलिकेत नळी घालणे किंवा पालथे झोपविणे हेही अवघड जाते.

आणखी एक गोष्ट घरातील इतरांच्या हिताची आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, लक्षणे असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या शरीरातून इन्फ्लुएन्झा-ए विषाणू ४२ टक्के अधिक काळ बाहेर पडत राहतो. म्हणजे घरातील वृद्ध आणि बालक यांना संसर्ग होण्याचे दिवस वाढले.

लसीच्या बाबतीतही सावध असावयास हवे. अमेरिकेत फ्लूची लस घेतलेल्यांच्या २०१७ मधील अभ्यासात निरोगी वजनाच्या ५ टक्के, तर लठ्ठांपैकी जवळजवळ १० टक्के व्यक्तींना फ्लू किंवा त्यासारखा आजार झाला. यावरून लस निरुपयोगी आहे, असा अर्थ कुणी काढील तर तो अनर्थ होईल. ९० टक्के लठ्ठ व्यक्तीही त्या आजारातून वाचल्याच. अर्थ इतकाच की, ज्याचे वजन अधिक, त्याने लस चुकवू नये आणि केवळ लसीवर विसंबूनही राहू नये.

बारीक दिसणारा लठ्ठ

‘हे सारे अमेरिका-इंग्लंडच्या लोकांचे. आपली माणसे कुठे तशी जाडजूड?’ असे पुष्कळांना वाटेल. याचे उत्तर पुण्यात मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराचा आयुष्यभर अभ्यास केला. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही देहभारांक नेमका २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा एकच सांगत होता, आतील गोष्ट निराळी होती. हातपाय बारीक आणि पोट सुटलेले, हा जो देह आपल्याला लोकलच्या डब्यात पदोपदी दिसतो, तो वरून कृश आणि आतून मेदयुक्त असतो.

म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या. देहभारांक २३ झाला की वजन अधिक, २५ झाला की लठ्ठपणा. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसासाठी याचा अर्थ ६३ आणि ६८ किलो. त्याहून सोपे माप कमरेचे. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१च्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष २५ किंवा त्याहून अधिक देहभारांकाचे आढळले. शहरी स्त्रियांत हे प्रमाण एकतृतीयांश होते. २३ची मर्यादा लावली तर आकडा कुठे जाईल, याची कल्पना करावी.

आपल्या पूर्वजांना विषाणू ठाऊक नव्हता, परंतु शरीर ठाऊक होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही देहांना निंद्य गणले आहे, अतिस्थूलाचे आयुष्य घटते, असे सांगितले आहे आणि दोहोंत कृशताच त्यातल्या त्यात बरी, कारण स्थूलतेवर उपचार अधिक कठीण, असा अभिप्राय दिला आहे. आयुर्वेदाचा अभिमान सांगणाऱ्या घरात हा अध्याय कृतीत दिसावयास नको काय?

घरातून आरंभ

आता करावयाचे काय? प्रथम काय करू नये, ते सांगितले पाहिजे. घरातील लठ्ठ मुलाला ‘ढोल्या’ म्हणून हिणवू नये. वजनामागे आनुवंशिकता असते, औषधे असतात, झोपेचा अभाव असतो आणि परळच्या कोंबड्यांनी सुचविल्याप्रमाणे आणखीही काही असू शकते. हिणवलेले मूल मैदानावर जात नाही, कोपऱ्यात बसून खाते. दुसरे, साथ आली म्हणून घाबरून उपासमार करू नये. तापात शरीराला अन्न लागते. वृद्ध, गर्भवती आणि आजारी यांनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून वजन उतरविण्याच्या भरीस पडू नये.

करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. आठवड्यातून किमान १५० मिनिटे दम लागेल इतके चालणे किंवा तत्सम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दिवसाला ही जेमतेम बावीस मिनिटे. सूर्यनमस्कारास तर तितकीही जागा लागत नाही, एक सतरंजी पुरते. गिरणगावातील व्यायामशाळा आणि कबड्डीची मैदाने ही या वस्तीची खरी मिळकत. पुनर्विकासात वाहनतळासाठी जितका आग्रह धरला जातो, तितका मैदानासाठी धरावा.

ताटात भात-पोळी थोडी कमी, डाळ-उसळ आणि भाजी अधिक. वडापाव हा या वस्तीचा लाडका. त्याच्याशी वैर नको, परंतु तो रोजचा नाश्ता होऊ नये. गोड चहाचे चार कप, घरात कायमचा ठेवलेला फरसाणाचा डबा, रात्री अकराला मागविलेले जेवण, यांचा हिशोब मांडावा. शरीराच्या वजनाचा वीसावा ते दहावा भाग जरी उतरला, तरी रक्तातील साखर आणि रक्तदाब सुधारतात. ८० किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो. सडपातळ होणे हे उद्दिष्टच नव्हे.

आणि एक गोष्ट गृहिणींविषयी. घरातील सर्वांना वाढून उरलेले शिळे स्वतः संपविणारी, चालावयास वेळ नसलेली माऊली या विषयात सर्वांत उपेक्षित आहे. सकाळचा अर्धा तास तिचा आहे, हे घरातील पुरुषांनी ठरवावे आणि त्या वेळी चहा स्वतः करावा.

पुढची साथ केव्हा येईल, हे कुणी सांगू शकत नाही. ती येईल, इतके मात्र १८९६, १९१८, २००९ आणि २०२० ही चार वर्षे सांगतात. तेव्हा लस, मुखपट्टी, रुग्णालयातील खाट यांची व्यवस्था शासन पाहील. गर्दीच्या खोल्या मोकळ्या व्हाव्यात, यासाठी समाजाने मिळून झटावे लागेल. परंतु आपल्या शरीराची तयारी दुसरा कुणी करून देणार नाही, आणि ती साथीच्या आठवड्यात होतही नाही. तिला वर्षे लागतात.

शिवणाच्या डब्यातील टेप आज घरी गेल्यावर काढावा. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, घरातील प्रत्येक प्रौढाचे माप घ्यावे आणि ते तारखेसह दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. एवढे केले, तरी आजच्या सायंकाळचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.